वुआ व्हेर्त की व्हेलोरूत? फ्रान्समधल्या निवांत सायकलरस्त्यांचा नेमका फरक

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून, गाड्यांच्या कटकटीशिवाय सायकल चालवायची म्हणून सहल आखणारे बरेच जण एकाच ठिकाणी फसतात. नकाशावर सायकलमार्गाची रेघ दिसते, तिला नाव असतं, क्रमांक असतो, वाटेवर पाट्याही असतात. मग या रेघेवर मोटार येणारच नाही, असं धरून चाललं जातं. प्रत्यक्षात सोबत लहान मूल असताना समोरून ट्रॅक्टर येतो आणि मागून डिलिव्हरीची व्हॅन. रस्ता चुकलेला नसतो. वुआ व्हेर्त आणि व्हेलोरूत या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या गेलेल्या असतात.

वुआ व्हेर्त हा रस्त्याचा प्रकार आहे आणि तो कायद्याने ठरवलेला आहे. फ्रान्सच्या वाहतूक नियमावलीत २००४ साली त्याची व्याख्या आली: बिगरमोटर वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला रस्ता. पेडल मारताना ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणारी ई-बाइक इथे सायकलच मानली जाते. ताशी ४५ पर्यंत ओढणारी मात्र मोपेडमध्ये मोडते आणि तिला इथे मज्जाव आहे. देखभालीची गाडी किंवा खास परवानगी असलेला शेतकरी अधूनमधून भेटू शकतो, बाकी मोटार नाही. सुरुवातीला निळी चौकोनी पाटी असते आणि संपताना तीच पाटी तांबड्या तिरप्या रेघेसह. चौकोनी निळी पाटी सक्ती करत नाही, म्हणजे शेजारच्या डांबरी रस्त्याने गेलात तरी चालतं. सायकलचं चित्र असलेली गोल निळी पाटी मात्र तो मार्ग सायकलस्वारांना बंधनकारक असल्याचं सांगते. हा गोल-चौकोनाचा फरक निघण्याआधीच डोक्यात पक्का करावा.

व्हेलोरूत म्हणजे मध्यम किंवा लांब पल्ल्याचा, पाट्या लावून जोडलेला सलग मार्ग. त्यात वुआ व्हेर्तचे तुकडे असतात, कालव्याकाठच्या वाटा असतात, गावातल्या गल्ल्या असतात, शेतरस्ते असतात आणि कमी वर्दळीचे साधे डांबरी रस्तेही असतात. ‘ला ल्वार आ व्हेलो’, ‘व्हियारोना’, ‘व्हेलोदिसे’ ही सगळी नावं व्हेलोरूतची आहेत. पांढऱ्या पाटीवर हिरवी अक्षरं आणि छोटी हिरवी सायकल दिसली की तुम्ही व्हेलोरूतवर आहात. पुढच्या किलोमीटरवर मोटारी असतील की नाही, हे ती पाटी सांगत नाही.

कालव्यांच्या प्रदेशातलं उदाहरण पाहिलं की हे चटकन कळतं. अटलांटिककडून भूमध्य समुद्राकडे जाणारी ‘दोन समुद्रांचा कालवा’ ही एकच व्हेलोरूत आहे. तिचा गारोन कालव्याकाठचा भाग तुलूझपर्यंत डांबरी, सपाट आणि अव्वल आहे. तुलूझहून मिदी कालवा सुरू झाल्यावरही सुमारे ५० किलोमीटर डांबर मिळतं. औद जिल्ह्यात शिरलं की ते संपतं. काही पट्टे अलीकडे मुरूम दाबून नीट केलेले आहेत, तर काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी उचललेली अरुंद वाट उरते आणि पावसानंतर तिथे चिखल होतो. मार्गाचं नाव एकच, पाट्या एकसारख्या, मोटारी इथेही फारशा नाहीत; पण २५ मिलिमीटर टायरची रेसिंग सायकल इथे हाल करून घेते.

वुआ व्हेर्तवर काय मिळतं, काय जातं

बहुतेक वुआ व्हेर्त जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याकाठी असतात. यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक बर्गंडीत आहे: झिव्हरी ते क्लुनी, ४४ किलोमीटर, १९९७ साली खुली झालेली. ब्युक्सी, सें-झांगू, कोर्मातें अशी जुनी स्टेशनं वाटेत येतात आणि चढ जवळपास जाणवतच नाही. वाफेच्या इंजिनाला मालगाडी ओढता यावी म्हणून रूळ सौम्य चढानेच टाकले जात. त्याचा फायदा आज सायकलस्वाराला मिळतो. मुलांना, ज्येष्ठांना, मागे ट्रेलर जोडलेल्यांना याहून चांगली जागा नाही, हे आमचं ठाम मत आहे.

क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना ब्वा-क्लेर बोगदा लागतो, सुमारे १.६ किलोमीटर लांब. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, त्यामुळे जॅकेट वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी बोगदा हिवाळ्यात बंद असतो आणि तेव्हा खिंडीवरून चढून जावं लागतं. नोव्हेंबरमध्ये ‘सगळं सपाट आहे’ या भरवशावर निघालेल्याला हा चढ अनपेक्षित पडतो.

वुआ व्हेर्तचा खरा तोटा क्रॉसिंगला दिसतो. जिथे पूर्वी रेल्वे फाटक होतं, तिथे आता छोटा रस्ता आडवा जातो. तिथे थांबायचं तुम्हाला, मोटारीला नाही: पाटी स्टॉपची किंवा ‘सेदे ल पासाज’ची, म्हणजे आधी समोरच्याला जाऊ द्या. मोटारी आत शिरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना खांब किंवा एकाआड एक आडवे अडसर असतात. एकट्या सायकलला वेग कमी करून त्यातून वळसा घेता येतो. ट्रेलर असेल तर आधी सायकल सरळ आत घ्यायची, ट्रेलरचं आतलं चाक खांबाला लागत नाही ना ते पाहायचं आणि मगच वळवायची. टँडेम, म्हणजे दोघांनी चालवायची लांब सायकल, असेल तर बहुधा उतरावंच लागतं. खांब ओला असताना आणि त्यावर उन्हा-सावलीचे पट्टे असताना तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पुढच्या सायकलला चिकटून जाणाऱ्या गटात दुसऱ्या-तिसऱ्या स्वाराला तो लागतो, म्हणून पुढच्याने हात दाखवून इशारा द्यायलाच हवा. अशी क्रॉसिंगं एकामागून एक आली की सरासरी वेग कोसळतो. रस्त्यावर ताशी २३-२४ किलोमीटर सहज काढणाऱ्यानेही इथे १६-१७ धरून दिवस आखावा, आणि रविवारी दुपारी, कुटुंबं, कुत्री आणि स्केट घातलेली पोरं असताना, त्याहूनही कमी.

पृष्ठभाग आधीच तपासा. फ्रेंचमध्ये ‘आँरोबे’ म्हणजे गुळगुळीत डांबर. त्यावर २८ मिलिमीटर टायर मजेत चालतो. ‘स्ताबिलिझे’ म्हणजे दाबून बसवलेला मुरूम. कोरडा असताना ठीक, पण किमान ३२, सामान असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर टायर हवा. ७५ किलोच्या स्वाराने ३५ मिलिमीटर टायरमध्ये ४५-५० पीएसआय हवा ठेवली की पुरे. जास्त भरली तर चाक खडीवर उड्या मारतं. पावसानंतर हाच मुरूम राखाडी लगद्यासारखा साखळीला आणि रिम ब्रेकच्या रबरांना चिकटतो, मडगार्डखाली घट्ट बसतो आणि ब्रेक रबर भराभर झिजतात. संध्याकाळी बाटलीतलं पाणी ओतून साखळी धुवा, पुसा आणि तेल द्या. दुसऱ्या दिवशी गिअर सरकत नाही, अशी तक्रार बहुधा हे न केल्यामुळे असते.

व्हेलोरूतवर मोटारी कुठे येतात

ल्वार नदीकाठी सोम्यूर ते मोंसोरो हा भाग घ्या. नदीलगतचा डी९४७ (डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता) हा मोटारींचा रस्ता आहे. व्हेलोरूत बरीचशी त्याला टाळून वर चढते, द्राक्षमळ्यांतून आणि पांढऱ्या तुफो दगडात कोरलेल्या घरांच्या गल्ल्यांतून जाते. रस्ता सुंदर आहे, मोटारी तुरळक. पण त्या गल्ल्या तिथे राहणाऱ्यांच्या आहेत. वळणावर उजवी बाजू सोडू नका. चढ छोटे पण तीव्र असतात, म्हणून सामानासह जाताना पुढची लहान चकती आधीच लावून घ्या.

नदीकाठच्या व्हेलोरूतला आणखी एक अडचण असते: पूर. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला सखल पट्टे पाण्याखाली जातात आणि पर्यायी वळण दाखवणाऱ्या पाट्या लागतात. ते वळण कधी कधी चांगल्या वर्दळीच्या रस्त्यावरून जातं. मार्चमध्ये जाणार असाल तर त्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी सूचना पाहा.

मग डी-रस्ते?

वेग, अंतर आणि शांतता तिन्ही हवी असेल, तर अनुभवी स्वाराला या दोन्हींपेक्षा जिल्ह्याचे छोटे डी-रस्ते बरे पडतात. मात्र ‘डी म्हणजे निवांत’ हाही गैरसमज आहे. २००६ च्या सुमारास बरेच राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले आणि त्यांचे क्रमांक बदलले. शालों ते माकों जाणारा डी९०६ हा जुना एन६ आहे आणि लो जिल्ह्यातला डी८२० हा जुना एन२०. ट्रक तेच, फक्त अक्षर बदललं. क्रमांकापेक्षा मिशलिनच्या नकाशातला रंग पाहा: तांबडे आणि पिवळे टाळा, पांढरे घ्या. पांढऱ्यावर बाणाचं एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून तीव्र. नकाशावर चढाच्या दिशेनं टोक असतं.

या रस्त्यांवर मध्ये दुभाजक नसेल तर २०१८ पासून मोटारींची मर्यादा ताशी ८० आहे, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने १.५ मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते पाळतात. दुपारी १२ ते २ हा जेवणाचा वेळ. तेव्हा रस्ते रिकामे होतात आणि दुकानंही बंद होतात. म्हणून पाव आणि चीज ११.३० पूर्वी घ्या आणि रिकामा रस्ता वापरून घ्या. पाणी संपलं तर गावाबाहेरच्या दफनभूमीत नळ असतो; ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ‘ग्राव्हियाँ’ची पाटी दिसली तर पुढे ताजी, सुटी खडी टाकलेली असते: उतरणीला वेग आधीच कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. शरद ऋतूत यंत्राने कुंपणाची झुडपं छाटली की रस्ताभर काटे पडतात. दोन ट्यूब आणि ठिगळं जवळ हवीत.

आखणी कशी करावी

आधी व्हेलोरूत निवडा, मग तिचे तुकडे पाडा. फ्रान्स व्हेलो तुरिझ्म या सायकल-पर्यटनाच्या संकेतस्थळावरच्या नकाशात स्वतंत्र मार्ग आणि मोटारींसोबतचा रस्ता वेगवेगळा दाखवलेला असतो. ओपन स्ट्रीट मॅपच्या माहितीवर चालणारा सायक्लओएसएम नकाशा पृष्ठभागही दाखवतो. मुलं असतील तर फक्त स्वतंत्र तुकडे एका दिवसात बसवा आणि मधला रस्त्याचा भाग ट्रेनने काढा. मुक्कामासाठी ‘आक्योय व्हेलो’ ही खूण पाहा. अशी ठिकाणं पाट्या लावलेल्या मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल बंद जागेत ठेवता येते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना एक गोष्ट भाड्याची सायकल हातात घेतल्याबरोबर करावी लागेल. फ्रान्समध्ये डावा लिव्हर पुढचा ब्रेक लावतो, उजवा मागचा. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर उलट असतं. घाईत सवयीने डावा लिव्हर करकचून दाबला तर पुढचं चाक अडकतं. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत पाच-सहा वेळा हळू वेगात थांबून पाहा, आणि हाताला सवय होत नाही असं वाटलं तर दुकानदाराला केबल अदलाबदल करून द्यायला सांगा.