चेपलेला फोम आणि उकळते पाणी

रेडिओ-नियंत्रित विमान मैदानावर आपटले की भोवतीच्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "थर्माकोलच ते, फेकून द्या." गणपतीच्या मखरांमुळे आपल्या परिचयाचा झालेला थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन; ते ठिसूळ असते आणि वाकवले की कट्कन तुटते. आजची बहुतेक हौशी विमाने मात्र ईपीओ किंवा ईपीपी या फोमची असतात. ईपीपी म्हणजे फुगवलेले पॉलिप्रॉपिलीन, तर ईपीओमध्ये पॉलिस्टायरीनला पॉलिएथिलीनची चिवट जोड दिलेली असते. अशा विमानात जे मोडल्यासारखे दिसते, त्यातले बरेचसे नुसते चेपलेले असते आणि ते पुन्हा वर येऊ शकते.

फोमकडे वळण्याआधी विमानातली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बाहेर काढावी. कोपरा दबलेली, फुगलेली किंवा गरम लागणारी बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. तिच्या आतला पातळ पडदा फाटला असेल, तर ती काही वेळाने अचानक पेट घेऊ शकते. म्हणून ती घराबाहेर, उघड्यावर, वाळूत ठेवावी.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या विमानाच्या डाव्या पंखाची पुढची कड बाभळीच्या फांदीवर आदळली आणि तिथे अंगठा मावेल एवढी खाच पडली. पंख विमानापासून सोडवून, त्यातला सर्व्हो (पंखाची हलती पट्टी फिरवणारी छोटी मोटर) काढून, आम्ही त्या खाचेवर पळीने उकळते पाणी हळूहळू सोडले. दबून चपटे झालेले फोमचे मणी एकामागून एक फुगत वर आले आणि दोनतीन मिनिटांत खाचेच्या जागी पुसटसा खडबडीतपणा तेवढा उरला.

हे घडते कसे? या फोमच्या आकारमानाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो आणि ती हवा अतिशय पातळ भिंतींच्या, सर्व बाजूंनी बंद अशा सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेली असते. धडक बसली की या भिंती फाटण्याऐवजी दुमडतात आणि दुमडताना धडकेची ऊर्जा शोषून घेतात. आता शाळेत शिकलेला वायूचा नियम आठवावा : आकारमान कायम असेल, तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन आणि ९७ अंश म्हणजे ३७० केल्विन. म्हणजे दाब सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पाव किलो वजनाइतका जोर आतून बाहेर लागतो. थंड, ताठ भिंतीला हा जोर पुरत नाही. परंतु पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि पॉलिप्रॉपिलीन वितळायला १६० अंशांच्या आसपास जावे लागत असले तरी उकळत्या पाण्यात तेही बरेच नरम होते. त्यामुळे आतली हवा भिंतींना ढकलते, भिंती साच्यात मिळालेल्या मूळ आकाराकडे परततात आणि निवताना त्याच आकारात पुन्हा ताठ होतात. व्हिडिओंमधून या युक्तीला 'फोम स्वतःला बरा करतो' असे म्हटले जाते, ते खरे नाही. ज्या कप्प्याची भिंत फाटली, त्यातली हवा निघून गेलेली असते आणि गरम पाण्याने तो फुगत नाही. भेग तर मुळीच सांधत नाही. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) एकाच जागी धरली, तर कप्पे फुटून पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा : आधी पाणी, मग गोंद. तुटलेल्या नाकाचे दोन तुकडे जुळत नाहीत, कारण दोन्हींच्या कडा चेपलेल्या असतात. त्या फुगवून घेतल्या आणि पूर्ण वाळू दिल्या की तुकडे बहुधा नीट बसतात. भेगा शोधण्यासाठी पंख हलक्या हाताने वर वाकवून खालची बाजू निरखावी. उड्डाणात पंखाची हीच बाजू ताणली जाते, त्यामुळे लपलेली भेग तिथेच उघडते आणि सांध्यावर धाग्याची चिकटपट्टीही तिथेच लावायची असते. फेविक्विकच्या जातीचा साधा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ईपीओला चालतो, पण थर्माकोलला तो विरघळवतो. पंखातली कार्बनची दांडी पिळून पाहताना करकर आवाज आला, तर ती बदलावी.

एखादे विमान पुन्हा पुन्हा एकाच बाजूला कोसळू लागले की त्याला पनवती ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी पंखाला पीळ बसला आहे का, हे मागून डोळा लावून पाहावे. पीळ असेल, तर एका पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन दुसऱ्यापेक्षा मोठा राहतो, वेग कमी होताच त्याच पंखाची उचल आधी तुटते आणि विमान दर वेळी त्याच बाजूला पडते. हा पीळही गरम पाण्याने सैल करून, उलट दिशेला धरून निववला की निघतो.

शेवटी विमान दोन बोटांवर तोलून पाहावे. गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर असावा लागतो. गुरुत्वमध्यापासून ५० सेंटिमीटर मागे, शेपटीत दुरुस्तीचा इपॉक्सी गोंद १० ग्रॅमने वाढला, तर २० सेंटिमीटर पुढे, नाकात २५ ग्रॅम शिसे भरावे लागते. त्याऐवजी आधी बॅटरीच पुढे सरकवून पाहावी.