सोयाबीनचे शंभर दिवस आणि लांबलेले पावसाचे खंड

मराठवाडा आणि विदर्भाच्या खरिपाचा मोठा हिस्सा आज सोयाबीनने व्यापला आहे. सुमारे शंभर दिवसांच्या या पिकाचे भवितव्य एकूण किती पाऊस पडला यापेक्षा तो कधी पडला यावर अधिक ठरते, आणि नेमके हे ‘कधी’च आता बेभरवशाचे झाले आहे.

उगवण्यासाठी सोयाबीनच्या बियाण्याला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषावे लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (जमिनीत पेरणीजोगी ओल) येईपर्यंत पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. त्याआधी पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर अर्धवट फुगलेले बी मातीतच मरते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

खरा घाव मात्र फुलोऱ्यात बसतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला आणि जूनअखेरीस पेरलेले सोयाबीन त्या वेळी फुले व शेंगा धरण्याच्या अवस्थेत होते. पाण्याचा ताण पडला की झाड पानांवरील पर्णरंध्रे, म्हणजे सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते. पाणी वाचते खरे, पण कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होऊन अन्ननिर्मिती मंदावते, मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंचे नत्र स्थिर करण्याचे कामही थंडावते आणि झाड फुले व कोवळ्या शेंगा गाळू लागते. नंतरच्या पावसाने शिवार हिरवे दिसते, परंतु झालेली गळ पुरती भरून निघत नाही.

उरलेले पीक काढणीला येते, तेव्हा २०१९ च्या ऑक्टोबरसारखा पाऊस शेतात कापून ठेवलेल्या सोयाबीनवर कोसळतो. पक्व बियाण्याला फारशी सुप्तावस्था (उगवण थोपवून धरणारा विश्रांतीचा काळ) नसल्याने शेंगेतच कोंब फुटतात.

तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंचवट्यावर आणि दोन्ही बाजूंना चर ठेवून, पेरल्यास खंडाच्या काळात वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते, म्हणून ती प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला हवी असे मला मनापासून वाटते. कापून पडलेल्या पिकाला मात्र वरंबाही वाचवू शकत नाही. तिथे हाताशी लागते ती ताडपत्री, वेळेवर मिळणारे मळणीयंत्र आणि दोन दिवसांची उघडीप.