मांजराच्या डोळ्यातली उभी रेघ आणि जपानी कॉमिक्स

मे महिन्यात माझी भाची आठ दिवस राहायला आली होती, चौथीतली आहे, आणि येताना टॅबमध्ये मांजराचं एक जपानी कॉमिक घेऊन आली. दोन दिवस ती आणि तो टॅब. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, ह्यात काहीच होत नाही गं, ते पिल्लू नुसतं पडद्याला लटकतं आणि झोपतं, तरी मला ठेववत नाही." तिच्या आईचं म्हणणं असं की मोठे मोठे डोळे काढलेत, गोड दिसतंय, मुलांना आवडणारच, त्यात काय एवढं. बऱ्याच लोकांचं मत हेच असतं. मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहायला बसलेय.

ते कॉमिक म्हणजे कोनामी कानाता यांचं 'चीज् स्वीट होम'. २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षं ते कोदान्शा प्रकाशनाच्या 'मॉर्निंग' नावाच्या साप्ताहिकात चाललं. आईपासून चुकलेलं राखाडी पट्ट्यांचं एक पिल्लू, त्याला उचलून आणणारं यामादा कुटुंब, छोटा योहेई, आणि ज्या बिल्डिंगमध्ये राहतात तिथे प्राणी पाळायला बंदी, एवढीच गोष्ट. आता गंमत बघा, 'मॉर्निंग' हे मुलांचं साप्ताहिक नाहीच, ते मोठ्या माणसांचं आहे. त्याच साप्ताहिकात १९८४ पासून माकोतो कोबायाशी यांचं 'व्हॉट्स मायकेल?' यायचं, त्यातला मायकेल हा नारिंगी पट्ट्यांचा चांगला थोराड बोका. म्हणजे "मुलांना गोड वाटतं म्हणून" हे उत्तर इथेच लंगडं पडतं.

गोडपणाचं विज्ञान आहे आणि ते खरंही आहे, नाही असं नाही. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठं कपाळ, चेहऱ्यात खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे, गोबरे गाल असं काही दिसलं की आपल्यात बाळाला जपायची ओढ जागी होते, मग ते बाळ माणसाचं असो नाहीतर मांजराचं. २०१२ मध्ये हिरोशिमा विद्यापीठातल्या निट्टोनो आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना चिमट्यानं बारीक वस्तू कडेला धक्का न लावता भोकातून काढायला दिल्या, आणि मध्ये कुत्र्यामांजरांच्या पिल्लांचे फोटो दाखवले तर त्यानंतर त्यांचा हात जास्त जपून चालला, मोठ्या कुत्र्यामांजरांचे फोटो बघितलेल्यांच्यात तेवढा फरक पडला नाही. म्हणजे गोड काही बघितलं की आपण नुसते विरघळत नाही तर जास्त लक्ष देऊन बघायला लागतो. पण थोराड मायकेलचं काय? त्याच्यात बाळसं काही नाही. आणि एकाच पानावर तेच मांजर, तेवढ्याच मोठ्या डोळ्यांचं, एका चौकटीत कंटाळलेलं आणि पुढच्या चौकटीत झडप घालायला टपलेलं दिसतं, तेही भुवया न काढता, माणसासारखं हसू न चिकटवता, ते कसं?

माझं म्हणणं, ही कॉमिक्स काढणाऱ्यांनी मांजर घरात ठेवून, जमिनीवर आडवं पडून बघितलेलं असतं. मायकेल दोन पायांवर नाचतो ते सोडा, ती त्यांची मजा आहे, पण बाकी पानभर कान कुठे वळलेत, शेपटीचं टोक कसं हलतंय, मिशा पुढे आल्यात का आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळ्यातली बाहुली किती आहे, ह्याच गोष्टींवर ते सगळं भागवतात. जपानीत सारखं बदलणाऱ्या गोष्टीला "मांजराच्या डोळ्यासारखी बदलते" असंच म्हणतात. मी त्या बाहुलीच्या प्रेमात आहे, त्यामुळे आता जरा सावकाश घेते.

आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, त्यामुळे समोरच्याची बाहुली लहान झाली की मोठी हे हातभर अंतरावरूनही नीट कळत नाही. मांजराचं तसं नाही. आपण "मांजरे डोळे" म्हणतो ना, तो पिवळा-हिरवा फिका रंग, त्याच्यावर ती काळी बाहुली खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही दिसते. चित्रकाराला तर हे वरदानच आहे, कारण एक काळी आकृती बदलायची, बस, अख्खा चेहरा बदलतो.

आता ती बदलते कशी. बाहुली म्हणजे काही वस्तू नव्हे, ते बुबुळातलं भोक आहे, आणि ते लहान-मोठं करायला बुबुळात स्नायू असतात. आपल्या डोळ्यात भोकाभोवती गोल कडं असतं, ते आवळलं की भोक लहान होतं, बटव्याची नाडी ओढल्यासारखं. पण नाडी कितीही ओढा, कापडाच्या चुण्या एका जागी गोळा होतात आणि मध्ये थोडं भोक राहतंच. मांजराच्या डोळ्यातले ह्या स्नायूचे धागे बाहुलीच्या वर आणि खाली एकमेकांना कात्रीसारखे ओलांडून जातात, त्यामुळे ते आवळले की बाहुली दोन्ही बाजूंनी दाबली जाते, जणू दोन सरकती दारं मध्ये येऊन मिळतात आणि बारीक फट तेवढी उरते. ह्याच्यामुळे किती फरक पडतो? आपल्या बाहुलीचं क्षेत्रफळ कमीत कमी ते जास्तीत जास्त साधारण १५ पट बदलतं, पाळीव मांजराचं १३५ पट. एकशेपस्तीस! मी पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा उठून आमच्या बोक्याचा डोळा बघून आले होते.

एवढं कशाला लागतं, तर मांजराला आपल्यापेक्षा साधारण सहापट मंद उजेडातही दिसतं. डोळ्याच्या आत जिथे चित्र उमटतं त्या पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो, निसटलेला प्रकाश तो पुन्हा पडद्यावर टाकतो, रात्री गाडीच्या दिव्यात डोळे चमकतात ते ह्याच्यामुळेच. असा डोळा घेऊन भर दुपारी गच्चीवर बसायचं तर दार जवळजवळ पूर्ण लावून घ्यायलाच हवं.

बरं, मग फट उभीच का, आडवी का नाही? शेळीची बाहुली बघितली असेल तर ती आडवी असते. २०१५ मध्ये मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या २१४ जातींच्या प्राण्यांचे डोळे ताडून बघितले, तर दबा धरून शिकार करणाऱ्या आणि रात्रंदिवस दोन्ही वेळा हिंडणाऱ्यांच्यात उभ्या फटी जास्त निघाल्या, आणि ज्यांची शिकार होते त्या चरणाऱ्यांच्यात आडव्या. इथे जरा लक्ष द्या, थोडं किचकट आहे. कॅमेऱ्याचं भोक मोठं ठेवलं की ज्यावर फोकस केलाय तेवढंच स्पष्ट येतं, पुढचं मागचं धूसर, आणि भोक लहान केलं की जवळचं लांबचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट. मांजराची फट ही एकाच वेळी दोन्ही आहे, वरून खाली मोजली तर मोठं भोक, डावीकडून उजवीकडे मोजली तर अगदी लहान. त्यामुळे धूसरपणा पसरतो तो वर-खाली, आजूबाजूला नाही. म्हणजे उभ्या रेषा, गवताच्या काड्या, खुर्चीचे पाय, ह्या जवळच्या असोत की लांबच्या, स्पष्ट राहतात, आणि दोन डोळ्यांनी अंतर मोजायला नेमक्या ह्याच रेषा लागतात कारण दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक आडव्या दिशेत असतो. उलट आडव्या रेषा, जमिनीवरच्या भेगा, फरशीचे सांधे, फोकसच्या पुढे-मागे लगेच धूसर होतात, आणि किती धूसर झालं ह्याच्यावरूनही मेंदू अंतर ओळखतो. उंदीर किती लांब आहे हे जागचं न हलता, मान न डोलावता दोन वेगळ्या मापांनी कळलं, दबा धरणाऱ्याला आणखी काय पाहिजे. आणि डोळा जमिनीच्या जितका जवळ तितका हा जमिनीचा धूसरपणा भराभर बदलतो, म्हणून ही युक्ती बुटक्यांना जास्त फळते. त्या अभ्यासात पुढे डोळे असलेले दबा धरणारे ६५ शिकारी होते, त्यातल्या ४४ जणांची बाहुली उभी, आणि त्या ४४ पैकी ३६ जणांची खांद्यापर्यंतची उंची ४२ सेंटीमीटरपेक्षा कमी. वाघ-सिंहांची बाहुली गोल असते ती पण ह्या हिशोबात बसते. हे सगळं एका घोटात उतरलं नाही तरी चालेल, फोनच्या कॅमेऱ्यावर काळ्या कागदाला उभी चीर पाडून बघा, निदान कल्पना येईल.

जपानी लोकांचं ह्या बाहुलीकडे लक्ष कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून आहे. एक जुनं पद्य आहे, मांजराच्या डोळ्याच्या घड्याळाचं. त्यांच्या जुन्या मोजणीत पहाट ही "सहा", मग साधारण दोन-दोन तासांनी आकडे उलटे उतरत पाच, चार, मग भर दुपार "नऊ", पुढे आठ, सात आणि संध्याकाळ पुन्हा "सहा". तर पद्य सांगतं की सहाला बाहुली गोल, पाच आणि साताला अंडं, चार आणि आठला पर्सिमन फळाच्या बीसारखी, आणि नवाला सुई. कागोशिमामध्ये सेंगान-एन नावाची बाग आहे, तिथे मांजरांचं एक छोटं देऊळ आहे. सांगतात की सोळाव्या शतकाच्या शेवटी शिमाझू योशिहिरो हा सरदार कोरियाच्या मोहिमेवर जाताना वेळ बघायला म्हणून सात मांजरं बरोबर घेऊन गेला, त्यातली दोन परत आली, त्यांचं हे देऊळ.

ह्याच डोळ्यांमुळे मांजराच्या वाट्याला भीतीही आली. म्हातारं मांजर भूत होतं, त्याची शेपटी दुभंगते, रात्री ते दिव्याचं तेल चाटतं, अशा गोष्टी जपानमध्ये खूप आहेत. आता तेल चाटण्याचं बघा, एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, गरिबाघरच्या दिव्यात सार्डिनसारख्या माशाचं तेल असायचं, भाताच्या उरल्यासुरल्यावर जगणारं मांजर ते चाटणार नाही तर काय करणार! मागच्या पायांवर उभं राहिलेलं मांजर, मिणमिणता दिवा, अंधारात पूर्ण उघडलेले आणि चमकणारे डोळे, भूत तयार. आपल्याकडे अजूनही शिकलीसवरलेली माणसं मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवतात, मला त्याचा मनापासून राग येतो, कारण ते मांजर फक्त पलीकडे जात असतं आणि आपण आपल्या सोयीनं त्याला अपशकुनी ठरवतो, नंतर दगडही मारतो.

तर ते घड्याळ. भाचीला पद्य सांगितल्यावर ती ऐकेना, रविवारी करूनच बघायचं ठरलं. आमचा बंड्या दिवसभर गॅलरीतल्या चटईवरच असतो, गॅलरी दक्षिणेची. सकाळी सहाला गोल. आठला अंडं, अगदी कोंबडीचं. दहाला बी. बाराला सुई, एवढी बारीक की भाची पाच मिनिटं नाकाला नाक लावून बसली होती. दोनला पुन्हा बी यायला पाहिजे होती, पण नेमकं तेव्हा ग्रिलवर कबुतर येऊन बसलं. बंड्याची शेपटी थांबली, मिशा पुढे आल्या, आणि त्या लख्ख उन्हात आमच्या डोळ्यांदेखत सुईची फट फुगत फुगत जवळजवळ गोल झाली. भाची ओरडली, "मावशी, सहा वाजले!"

घड्याळ फसतं ते इथेच, आणि कॉमिक जमतं तेही इथेच. आवळणाऱ्या स्नायूशिवाय बुबुळात चाकाच्या आऱ्यांसारखे दुसरे धागे असतात, ते भोक ओढून मोठं करतात, आणि त्यांना हुकूम जातो तो शरीराला तयारीत आणणाऱ्या मज्जासंस्थेकडून, तीच जी छाती धडधडवते. शिकार दिसली, भीती वाटली, खेळ रंगला, की उजेड कितीही असो, बाहुली मोठी होते. (भर उजेडातही ती कायम मोठीच राहत असेल किंवा दोन डोळ्यांत वेगवेगळी दिसत असेल तर मात्र लगेच डॉक्टरला दाखवा, म्हाताऱ्या मांजरांत रक्तदाबामुळे असं होऊ शकतं.) चित्रकार झडपेच्या आधीच्या चौकटीत डोळे काळेभोर करतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो, ते शरीरशास्त्र आहे. घरात मांजर असलेला वाचक ती चौकट बघूनच ओळखतो की आता पडदा फाटणार. आणि वर बाहुली मोठी झाली की चेहराही बाळासारखा दिसतो, म्हणजे लोरेन्झ यांचा मुद्दा पण तिथेच येऊन मिळतो.

कानांचंही असंच आहे. त्या पिल्लाला 'ची' नाव कसं पडतं माहितीय? योहेईला शी-शू शिकवणं चालू असतं, त्यातल्या 'ची' ह्या शब्दाला पिल्लू प्रतिसाद देतं, आणि तेच नाव चिकटतं. मला वाटलं होतं ही गंमत आहे, पण २०१९ मध्ये आत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या घरांत आणि कॅट कॅफेत, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी मांजरं ठेवलेल्या कॅफेत, जाऊन ७८ मांजरांवर हेच तपासलं. तेवढ्याच लांबीचे चार दुसरे शब्द ऐकवायचे, मांजर कंटाळलं की मग त्याचं नाव घ्यायचं. घरातल्या बऱ्याच मांजरांनी नावाला कान फिरवले, डोकं हलवलं. उठून आली फार थोडी. म्हणून "मांजराला माणसाशी देणंघेणं नसतं, घराशी असतं" हे मला पटत नाही, ते ऐकतं, फक्त उत्तर कानानं देतं, आणि ते कागदावर उतरवायला अर्ध्या सेंटीमीटरची एक रेष पुरते.

जायच्या आदल्या दिवशी भाचीनं तिचं स्वतःचं कॉमिक काढलं. जपानीत चार चौकटींच्या कॉमिकला योनकोमा म्हणतात एवढंच मी तिला सांगितलं होतं. पहिल्या चौकटीत अंडं, दुसरीत बी, तिसरीत सुई, खाली वाजलेले आकडे. चौथ्या चौकटीत कबुतर नाही, बंड्या नाही, आकडाही नाही, नुसती दोन मोठी काळी वर्तुळं आणि त्यांच्याभोवती पिवळ्या खडूची अगदी बारीक कड.