मोठी डीव्हीडी कोऱ्या डिस्कवर उतरवणे

द्विस्तरीय व्हिडिओ डिस्कवरचे चित्रण एकस्तरीय कोऱ्या डिस्कवर मावेल इतके लहान करून त्याची प्रत काढण्याची ही पद्धत आहे. बोलताना लोक ‘डीव्हीडी श्रिंक करणे’ म्हणतात, कारण ‘डीव्हीडी श्रिंक’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी खूप वापरले गेले. पुण्यात हा विषय सिनेमांपुरता कधीच नव्हता. लग्ने, मुंजी, एकांकिका स्पर्धेतले प्रयोग, रात्र रात्र चाललेल्या मैफली असे कुठेही विकत न मिळणारे चित्रण इथल्या कपाटांत डिस्कवर पडून आहे. त्याची दुसरी प्रत निघणे फार गरजेचे आहे.

अडचण मुळात जागेची. एकस्तरीय डिस्क, म्हणजे डीव्हीडी-५, ४.७ जीबीची असते. द्विस्तरीय डीव्हीडी-९ वर ८.५ जीबी मावतात. संगणक १,०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून पडद्यावर हेच आकडे ४.३८ आणि ७.९५ असे दिसतात. डबीवर ४.७ लिहिलेले असताना ४.५ दाखवणारी फाइल का मावत नाही, याचे उत्तर इथे आहे. पूर्ण भरलेली मोठी डिस्क लहान डिस्कवर आणायची तर ती जेमतेम ५५ टक्के उरते.

बाकीचे गणित वेळेचे. ४.७ जीबी म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांच्या चित्रणाला त्यातून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात, अडीच तासांना ४.२ आणि तीन तासांना ३.५. डीव्हीडीवर चित्र एमपीईजी-२ या पद्धतीने दाबून साठवतात आणि त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आहे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या ७२० बाय ५७६ बिंदूंच्या पूर्ण चौकटीत साडेतीनच्या आसपास हलत्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात. त्यामुळे सॉफ्टवेअर उघडण्याआधी चित्रणाची एकूण मिनिटे मोजावीत.

चित्राला हात लावण्यापूर्वी बाकीचे ओझे उतरवावे : मेनूमागची चलचित्रे, जाहिराती, नको असलेले दुसऱ्या भाषेतले ध्वनिमार्ग. सर्वांत मोठी बचत पुष्कळदा आवाजात दडलेली असते. घरगुती डिस्कवर आवाज बऱ्याच वेळा न दाबलेल्या पीसीएम रूपात असतो आणि सेकंदाला १.५३६ मेगाबिट खातो. तीन तासांत एवढ्यानेच २ जीबीहून जास्त जागा जाते. तोच आवाज १९२ किलोबिटच्या एसी-३ या दाबलेल्या रूपात बदलला, तर पाव जीबीत बसतो. लग्नाच्या चित्रणात सनईची ध्वनिमुद्रिका आणि पाहुण्यांची गडबड असते, तिथे हा बदल कुणाच्या कानाला कळणारही नाही. मैफलीत मात्र असे करू नये. गायक एका जागी बसलेला, कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर, मागे तानपुरे : असे चित्र कमी बिटांतही छान राहते. तिथे कात्री चित्राला लावावी आणि आवाज जसाच्या तसा ठेवावा. काय कापायचे हे चित्रणात काय आहे त्यावरून ठरते. सगळ्यावर एकच टक्केवारी लावणारी प्रत मला कधी पटलेली नाही.

एवढे करूनही मावत नसेल, तर चित्र दाबण्याचे दोन मार्ग उरतात. डीव्हीडी श्रिंकसारखी सॉफ्टवेअर चित्र नव्याने बनवत नाहीत. एमपीईजी-२ मध्ये प्रत्येक चौकट, म्हणजे चलचित्रातले एकेक स्थिर चित्र, आठ बाय आठ बिंदूंच्या ठोकळ्यांत मोडून आकड्यांच्या रूपात साठवलेली असते. हे आकडे उलगडायचे, आणखी मोठ्या संख्येने भागून बारीक तपशील गाळायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचे, एवढेच ही सॉफ्टवेअर करतात. हालचालीची दिशा सांगणारी माहिती मूळचीच राहते. म्हणून काम झटपट होते. पण एका चौकटीतली चूक तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या चौकटींत साचत जाते आणि पुढची स्वतंत्र, म्हणजे आधीच्या चौकटींवर अवलंबून नसलेली, चौकट आली की चित्र एकदम स्वच्छ होते. मंगलाष्टकांच्या वेळी हे नीट पाहता येते. अंतरपाट धरलेला असेतो चित्र स्वच्छ दिसते. ‘शुभमंगल सावधान’ होऊन अक्षता पडू लागल्या की शेकडो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी हलतात, बिट पुरत नाहीत आणि नवरीच्या शालूची जर ठोकळ्यांत विरघळते. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत उधळलेला गुलाल आणि झेंडे यांची गतही तीच. मूळ आकाराच्या तीन चतुर्थांशाखाली जायचे असेल, तर हा मार्ग सोडावा.

दुसरा मार्ग चित्र मुळापासून पुन्हा एन्कोड करण्याचा. दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगमध्ये पहिल्या फेरीत कुठे हालचाल जास्त आहे हे तपासले जाते आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटले जातात : अक्षतांना जास्त, पंगतीला कमी. याला काही तास लागू शकतात. यात क्षेत्रांचा, म्हणजे प्रत्येक चौकट ज्या एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेली असते त्यांचा, क्रम सांभाळावा लागतो. डीव्ही कॅसेटवरच्या चित्रणात खालचे क्षेत्र आधी असते. तो क्रम उलटला, तर चालणारा माणूस थरथरत पुढे-मागे होताना दिसतो.

दोन डिस्कवर विभागणे हा तिसरा उपाय, आणि नाटकांसाठी तोच सर्वांत चांगला. दोन अंकी नाटकाला मध्यंतर असतेच. पहिला अंक एका डिस्कवर, दुसरा दुसरीवर. एक बिटही गमवावा लागत नाही. नाटक बघताना डिस्क बदलायला उठावे लागते, त्या वेळेला चहा होतो. २००४ पासून द्विस्तरीय कोऱ्या डिस्कही मिळू लागल्या, पण त्या बऱ्याच महाग होत्या आणि जुने प्लेअर त्या नाकारत. त्यांतल्या प्लस आर डीएल (DVD+R DL) प्रकारात डिस्कची ओळख ‘डीव्हीडी-रॉम’ अशी नोंदवली, की बरेच प्लेअर ती वाचतात.

राइट करताना डिस्क काठापर्यंत भरू नये. लेखन आतून बाहेर होत जाते आणि वाचनाच्या चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात, म्हणून शे-दोनशे एमबी मोकळे सोडलेले बरे. वेग मध्यम ठेवावा, नंतर पडताळणी करावी. कागदी लेबल चिकटवू नये, त्याने डिस्कचा तोल जातो. कोऱ्या डिस्कवरचा सेंद्रिय रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमटपणा दोन्हींनी खराब होतो. पावसाळ्यात डिस्क बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत.

घरच्या चित्रणावर कुलूप नसते. बाजारातल्या बऱ्याच चित्रपटांवर मात्र सीएसएस हे सांकेतिक संरक्षण असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडल्यास प्रताधिकार कायद्याच्या २०१२ मध्ये आलेल्या ६५अ कलमानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

श्रिंक केलेली डिस्क ही बघायची प्रत असते, जपायची नव्हे. नातेवाइकांना द्यायला ती पुरेशी आहे. मूळ डिस्क वाचता येते तोवर तिची संपूर्ण आयएसओ प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) काहीही न दाबता हार्ड डिस्कवर आणि आणखी एका जागी उतरवून ठेवावी. आता नव्या लॅपटॉपमध्ये सहसा डिस्क ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाह्य रायटर जोडता येतो. ब्ल्यू-रे रायटर असेल, तर २५ जीबीच्या एका डिस्कवर दोन भरलेल्या डीव्हीडी-९ किंवा पाच डीव्हीडी-५ मूळ स्वरूपातच मावतात.