चेंगराचेंगरी: मागच्याला कळतच नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये माझा भाचा सांगलीहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला गेला. महालक्ष्मी रेसकोर्सवर ट्रॅव्हिस स्कॉट या अमेरिकन रॅप गायकाचा कार्यक्रम होता. परत आला तेव्हा घसा पार बसलेला, पण स्वारी खुशीत. मी विचारलं, "याच्याच कार्यक्रमात माणसं मेली होती, माहीत आहे ना?" तो म्हणाला, "मामा, त्यात त्याचा काय दोष? लोकच घाबरून पळत सुटले असतील."

हे वाक्य मला पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यासारखं वाटतं, आणि ते चुकीचं आहे. 5 नोव्हेंबर 2021 च्या रात्री अमेरिकेत ह्यूस्टनला स्कॉटच्या कार्यक्रमाच्या मैदानात सुमारे 50 हजार लोक होते. दहा जण गेले, सर्वांत लहान नऊ वर्षांचा. तिथे कुणी पळत नव्हतं. पळायला जागाच नव्हती. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण निघालं ते छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याचं.

अशा प्रसंगानंतर कलाकाराची कारकीर्द टिकते का, तर बहुतेक वेळा टिकते. जून 2023 मध्ये तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, स्कॉटवर फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला, पुढच्याच महिन्यात त्याचा नवा अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. ‘द हू’ या बँडच्या 1979 च्या अमेरिकेतल्या सिनसिनाटीतल्या कार्यक्रमाआधी दारातच 11 जण चेंगरले. बँडला ते कळलं कार्यक्रम संपल्यावर. पुढे कित्येक दशकं ते गात राहिले. रसिक माफ करतात, कारण माझ्या भाच्यासारखंच त्यांनाही वाटतं की चूक गर्दीची होती. म्हणून गर्दीत नेमकं काय घडतं ते नीट समजून घेऊ या.

इंग्रजीत याला ‘स्टॅम्पीड’ म्हणतात, म्हणजे मुळात उधळलेला गुरांचा कळप. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द कितीतरी जास्त खरा आहे. त्यात धावणं नाही, दाबलं जाणं आहे.

दिवाळीत मी गच्चीवर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखला आणि घरच्यांना एकेक करून आत उभं केलं. चार जण होते तोवर गप्पा चालू होत्या. सहा झाल्यावर खांद्याला खांदा लागला, खिशातला मोबाइल काढायचा तर कोपर शेजाऱ्याच्या पोटात. आठवी आमची वहिनी. ती आत शिरली आणि माझ्या भावाचा एक पाय आपोआप चौकोनाबाहेर पडला. आता कल्पना करा की चारी बाजूंना असेच चौकोन आहेत आणि त्या पायाला बाहेर जागाच नाही. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने गर्दीच्या दुर्घटनांचा बारकाईने अभ्यास केला होता. चौरस मीटरमागे सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते, असं त्याने लिहून ठेवलंय. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला जातो आणि माणसं पायातल्या चपलांसकट नव्हे, चपला मागे ठेवून उचलली जातात.

आमच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी पाहिलीय? सर्वांत खालच्या पोत्यावर वरच्या सगळ्यांचा भार येतो. गर्दी म्हणजे तीच थप्पी, फक्त आडवी. समजा, प्रत्येकाने पुढच्याला जेमतेम पाच किलो वजनाइतकं रेटलं. मागे वीस रांगा असतील तर कठड्यापाशी उभ्या माणसाच्या छातीवर शंभर किलोंचा रेटा. पाय जमिनीवर घट्ट असतील तोवर घर्षण त्यातलं काही खातं. पाय सुटले की तेही नाही. अशा दुर्घटनांत लोखंडी कठडे वाकलेले सापडले आहेत, त्याला साधारण 4500 न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास जोर लागतो.

आता बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवा आणि श्वास घ्या. तळवे बाहेर ढकलले जातात. साध्या श्वासात आपण सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो आणि तेवढी जागा छातीला लागते. श्वास सोडायला कष्ट नाहीत, घ्यायला स्नायू लागतात. गर्दीत तुम्ही श्वास सोडला की मोकळी झालेली बोटभर जागा शेजारी व्यापतो. पुढचा श्वास तेवढाच लहान. डोकं वर, तोंड उघडं, आजूबाजूला हवाच हवा, आणि तरी माणूस उभ्या उभ्या गुदमरतो.

मला सर्वांत जास्त भुरळ घातली ती फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या संशोधनाने. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात सान फर्मिन उत्सवाच्या सुरुवातीला चौक तुडुंब भरतो. फ्रान्सच्या ल्योंमधल्या डेनी बार्तोलो यांच्या गटाने तो वरून चित्रित केला. चौरस मीटरमागे चारच्या वर घनता गेली, की शेकडो माणसांचे जथेच्या जथे सावकाश गोल फिरू लागले. एक फेरा सुमारे 18 सेकंदांचा. कुणी ठरवलेलं नाही, कुणी ढकललेलं नाही. कधी घड्याळाच्या दिशेने, कधी उलट. भौतिकशास्त्रात याला सममिती आपोआप भंगणं म्हणतात: दोन्ही दिशा सारख्याच शक्य असताना समूह एक निवडतो, जसं थंड होणारं लोखंड चुंबकत्वाची एक दिशा निवडतं. जर्मनीत 2010 च्या ‘लव्ह परेड’ या संगीतोत्सवात 21 जण गेले. तिथल्या चित्रणातही हीच हालचाल सापडली. आत असलेल्याला एवढा संथ फेरा जाणवत नाही. उंचावरून तो दिसू शकतो.

ह्यूस्टननंतर समाजमाध्यमांवर सैतानाला बळी दिल्याच्या कहाण्या पसरल्या. गर्दीत कुणीतरी सुया टोचत होतं हेही आलं. ज्या सुरक्षारक्षकाचा दाखला दिला जात होता त्याच्या डोक्यावर मार बसला होता, सुई टोचलेली नव्हती. 25 जानेवारी 2005 ला आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला जवळपास तीनशे भाविक गेले, तेव्हा देवी कोपली म्हणणारे मला सांगलीतही भेटले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वरून येणारा रेटा आणि मग दुकानांना लागलेली आग, एवढं कारण पुरेसं होतं. सातारा हा अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या दाभोलकरांचा जिल्हा. कोपाची भाषा निदान इथे तरी थांबायला हवी.

आता पुन्हा कलाकाराकडे. गर्दीत रेटा मागून पुढे जातो, पण पुढची किंकाळी मागे पोचत नाही. मागचा निर्दोषपणे पुढे सरकत राहतो. मागपर्यंत पोचणारा आवाज एकाचाच: ज्याच्या हातात माइक आहे. ह्यूस्टनमध्ये 9.38 ला यंत्रणांनी मोठी दुर्घटना जाहीर केली, गाणं त्यानंतर अर्धा तास चालू होतं. कलाकाराच्या डोळ्यांवर झगझगीत दिवे असतात, कानात यंत्र असतं, हे मान्य. म्हणूनच त्याच्या कानात कुणीतरी "थांब" म्हणायला हवं, आणि ते म्हणणारा माणूस आधीच नेमलेला हवा. 2000 साली डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डला ‘पर्ल जॅम’ या बँडचा गायक एडी वेडर याने गाणं थांबवून लोकांना मागे सरायला सांगितलं. उशीर झाला होता, नऊ जण गेले. बँड मोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. आजही ते गातात.

तासगाव तालुक्यातल्या एका जत्रेत मी ऑर्केस्ट्रा ऐकत होतो. पोरं पुढे रेटत होती, बांबूचा कठडा वाकला होता. गाणाऱ्या बाईंनी कडव्याच्या मध्येच हात वर केला, वाद्यं थांबली. "पुढच्यांनी हलू नका. सगळ्यात मागच्या कट्ट्याजवळचे भाऊ, आधी तुम्ही पाच पावलं मागं सरका. तुम्ही सरकल्याशिवाय मी गात नाही." शिट्ट्या झाल्या, कुणी ओरडलं. बाई तशाच उभ्या. मग मागची रांग हलली, तिच्या पुढची, तिच्या पुढची, आणि मोकळी जागा हळूहळू कठड्यापर्यंत आली. तिथला एक पोरगा खाली वाकला आणि त्याने आपली चप्पल शोधली. वाकण्याइतकी जागा झाली होती.