काळ्या अस्वलाची छाती नेमकी कुठे असते?

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ओकच्या जंगलात काळं अस्वल दिसलं, तर डोळ्यांना भासतं तेवढं ते मोठं नसतं. शीतनिद्रेच्या तयारीत ते दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं. ओकची फळं, बीच नावाच्या झाडाच्या बिया, मिळेल ते. त्यातून कातडीखाली चरबीचा जाड थर साठतो, वर हिवाळ्याचे लांब, दाट केस येतात. पोटाखाली लोंबणाऱ्या केसांमुळे छातीची खालची कड खरी कुठे संपते तेच कळत नाही. बाहेरून दिसणारा आकार आणि आतली छाती यांत पडणाऱ्या या फरकामुळेच शिकाऱ्याची गोळी किंवा बाण कित्येकदा चुकीच्या जागी बसतो.

उत्तर अमेरिकेत या अस्वलांची संख्या आठ लाखांहून जास्त असावी असा अंदाज आहे. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत आणि कॅनडात परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात त्यांची शिकार कायदेशीर आहे. शिकार असावी की नसावी हा वाद जुना आहे आणि तो चालू राहील. पण ती होते आहे तोवर जनावर काही सेकंदांत मरतं की तासन् तास तडफडतं, हा प्रश्न मला त्याहून तातडीचा वाटतो. त्याचं उत्तर शरीररचनेत आहे.

लक्ष्य असतं फुप्फुसांचं. दोन्ही फुप्फुसं भेदली गेली की छातीच्या पोकळीत हवा आणि रक्त भरतं, फुप्फुसं आकसतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. जनावर बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत शुद्ध हरपतं, पण तेवढ्यातही ते शंभर मीटर पळू शकतं. हृदय छातीत अगदी खाली असतं. पाय सरळ असताना पुढच्या पायाचं हाड आणि स्नायू त्याच्या आड येतात. त्यामुळे हृदयावर नेम धरणाऱ्याचा वार जरासा खाली सरकला, की तो नुसता केसांतून किंवा छातीखालच्या मांसातून निघून जातो. फुप्फुसांचा पसारा हृदयाच्या कितीतरी पट मोठा, म्हणून तिथे थोडी चूक पोटात घातली जाते.

अस्वल शिकाऱ्याकडे कूस करून उभं असावं किंवा किंचित पाठमोरं, आणि जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असावा. मग खांद्याच्या मागे, शरीराच्या उंचीच्या मध्याच्या थोडं खाली मारलेला वार दोन्ही फुप्फुसांतून जातो. किंचित पाठमोऱ्या अस्वलाच्या बाबतीत पलीकडचा खांदा नजरेसमोर ठेवून मागच्या बाजूच्या फासळ्यांतून आत शिरावं लागतं. समोरून येणाऱ्या अस्वलावर बाण सोडूच नये, कारण छातीचं हाड आणि खांद्याचे जाडजूड स्नायू यांच्यामधली फट फार अरुंद असते.

डोक्यावर मारणंही तसंच धोक्याचं. कवटी जाड आणि उतरती, मेंदू लहान, आणि डोकं सतत हलत असतं. नेम चुकला तर जबडा मोडलेलं जनावर जंगलात नाहीसं होतं आणि उपाशी मरतं. शिवाय कवटी फुटली तर संशोधनाचंही नुकसान होतं. पेनसिल्व्हेनियात शिकार झालेलं अस्वल तपासणी केंद्रावर आणावं लागतं. तिथे त्याचा एक छोटा दात काढतात आणि मुळावरचे वार्षिक थर मोजून वय ठरवतात. अस्वलांची संख्या वाढते आहे की घटते आहे, याचा अंदाज अशाच नोंदींवर उभा राहतो.

वार फासळ्यांच्या मागे, पोटात बसला तर मृत्यू यायला कित्येक तास लागतात. इथे अस्वलाची चरबी माग काढणाऱ्याची वाट अडवते. ती जखमेच्या तोंडाशी सरकून भोक बुजवते आणि जे थोडं रक्त बाहेर येतं ते दाट केस शोषून घेतात. हरणामागे पानांवर रक्ताचे थेंब दिसत जातात, तसे इथे दिसतीलच असं नाही. मचाणावरून सोडलेला बाण वरून शिरून खालून बाहेर पडला तर बरं. तो आतच अडकला तर रक्त छातीत साठत राहतं आणि जमिनीवर जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणूनच अंधार पडायच्या बेतात असताना वार न करणं हा सुज्ञ शिकाऱ्यांचा नियम मला पूर्णपणे पटतो.

अस्वलाला जिवंत धरायचं असेल तर हेच शरीर उलट्या बाजूने वाचावं लागतं. भुलीच्या इंजेक्शनचा डार्ट छातीत लागला तर जीवघेणा ठरू शकतो, म्हणून तो खांद्याच्या किंवा मांडीच्या जाड स्नायूत मारतात. शरद ऋतूत मात्र पाठीमागच्या भागावर चरबी इतकी चढलेली असते की आखूड सुई तिच्यातच थांबते. चरबीत रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे औषध सावकाश भिनतं. अर्धवट गुंगीतलं अस्वल दूर जातं आणि पाण्यात किंवा कड्याकडे भरकटू शकतं. त्यामुळे त्या दिवसांत संशोधक खांदा किंवा मान निवडतात आणि लांब सुई वापरतात. आपल्याकडे अस्वलाच्या शिकारीला बंदी आहे, पण विदर्भात गावात शिरलेल्या अस्वलाला बेशुद्ध करायची वेळ येते, तेव्हा वनखात्याच्या पशुवैद्यालाही लांब केसांखालचा खांद्याचा स्नायू असाच दुरून ओळखावा लागतो.