आई-बाबा इंग्लंडला येतायत? जीपी रजिस्ट्रेशन, औषधांचं पत्र आणि मीटरची किल्ली

दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, आई-बाबा सहा महिने येतायत, त्यांना एनएचएस चालतं का गं. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. उत्तरं पण ठरलेली असतात, एक जण छातीठोकपणे सांगतो सगळं फुकट असतं, दुसरा सांगतो व्हिजिटरला काही म्हणजे काही मिळत नाही. दोघंही अर्धवट. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायला व्हिजिटरला पैसे पडत नाहीत, हॉस्पिटलात पडतात, आणि जीपीकडे नाव नोंदवलं म्हणून हॉस्पिटल फुकट होत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळे फॉर्म सोपे आहेत. मी लिहितेय ते इंग्लंडचं आहे, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम थोडे थोडे वेगळे आहेत, तिकडे राहत असाल तर तिकडचे बघा.

आधी कोण कशात बसतं ते. तुम्ही वर्क व्हिसावर असाल तर व्हिसाच्या वेळी इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, फेब्रुवारी २०२४ पासून हा दर आहे. तो तुमच्यापुरता. आई-बाबा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर येतात, सहा महिन्यांपर्यंत, त्यात हा सरचार्ज घेतच नाहीत, त्यामुळे त्याचा फायदाही त्यांना नाही. "मी एवढा टॅक्स भरतो मग माझ्या आईला का नाही" हा राग मला समजतो, पण इथला हिशोब टॅक्सवर नाही, माणूस इथला कायमचा रहिवासी आहे का यावर चालतो, ज्याला हे लोक ऑर्डिनरिली रेसिडेंट म्हणतात. सुट्टीला आलेले आई-बाबा त्यात बसत नाहीत, विषय संपला.

आता जीपी. कुणीही नाव नोंदवू शकतं, व्हिजिटरसुद्धा, आणि डॉक्टरला दाखवायला फी नाही. २४ तासांपेक्षा जास्त पण तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर टेंपररी रेसिडेंट म्हणून नोंद होते, तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असतील तर नेहमीच्या पेशंटसारखी. फॉर्मचं नाव जीएमएस१, हल्ली बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन पण भरता येतो. एनएचएस नंबर विचारतात, पहिल्यांदाच आले असतील तर तो नसतोच, रिकामा सोडा. यूकेमधला आधीचा पत्ता, आधीचा जीपी, हेही रिकामं. ज्या फॉर्ममध्ये बाहेरच्या देशातून आलेल्यांसाठी जास्तीचे प्रश्न असतात त्यात तीन चौकटी असतात, पहिलीचा अर्थ असा की जीपीच्या बाहेरच्या उपचारांना मला पैसे भरावे लागू शकतात हे मला माहितीय, दुसरीचा अर्थ माझ्याकडे सूट आहे, म्हणजे सरचार्ज भरलाय वगैरे, तिसरी म्हणजे मला नक्की माहीत नाही. आई-बाबांसाठी पहिली. इथे लोक सवयीने स्वतःसारखीच दुसरी टिक करून टाकतात, तसं करू नका, ती खोटी माहिती होते.

कागदपत्रांचं गंमतीशीर आहे. नियमाने पाहिलं तर ओळखपत्र नाही, पत्त्याचा पुरावा नाही, व्हिसाचा कागद नाही म्हणून दवाखाना कुणाला नाकारू शकत नाही. विचारू शकतात, अडवू शकत नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवरची बाई वीजबिल मागतेच, आणि आईच्या नावावर इथलं वीजबिल कुठून येणार. मी पहिल्या वेळेला दोनदा हात हलवत परत आले, तिसऱ्यांदा शांतपणे सांगितलं की पासपोर्ट आणलाय, पत्ता माझा आहे, आणि नाकारत असाल तर कारण लेखी द्या. लेखी कारण १४ दिवसांत देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि कारणही चालण्यासारखं लागतं, म्हणजे नवीन पेशंट घेणं बंद आहे किंवा तुमचं घर त्यांच्या एरियात येत नाही असं काहीतरी. फॉर्म लगेच घेतला. तरी भांडायला जाऊ नका, पासपोर्ट आणि तुमच्या पत्त्याचं एखादं पत्र सोबत ठेवलं की नव्वद टक्के वेळ वाचतो.

आणि हो, सर्जरी म्हणजे इथे दवाखाना. बाबांना मेसेज आला की उद्या तुमची सर्जरीत अपॉइंटमेंट आहे, ते रात्रभर झोपले नाहीत.

हॉस्पिटलकडे वळू. ए अँड ई, म्हणजे इमर्जन्सी विभाग, तिथे तपासून उपचार करून घरी सोडलं तर कुणालाच बिल नाही. पण ॲडमिट केलं, किंवा पुढच्या तारखेला ओपीडीत बोलावलं, की तिथून व्हिजिटरला चार्ज सुरू, आणि दर एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्के. ऑक्टोबर २०१७ पासून नियम असा की तातडीचा नसलेला उपचार असेल तर अंदाजे रक्कम आधी भरून घेतात, नाहीतर उपचार देत नाहीत. तातडीचा असेल तर पैशासाठी थांबवत नाहीत, बिल नंतर येतं, आणि तातडीचं काय हे डॉक्टर ठरवतो, बिलिंगवाले नाही. काही गोष्टी सगळ्यांनाच फुकट आहेत, उदाहरणार्थ टीबी, मलेरिया अशा ठरावीक संसर्गजन्य आजारांचं निदान आणि उपचार.

ॲडमिट झाल्यावर ओव्हरसीज व्हिजिटर्स टीमचा माणूस बेडपाशी येऊन प्रश्न विचारतो, कधी आलात, किती दिवस राहणार, व्हिसा कुठला. घाबरू नका आणि घोळही घालू नका, खरं तेच सांगा. बिल आलं तर पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकू नका, कारण एकूण ५०० पाउंड किंवा जास्त थकबाकी दोन महिने राहिली तर ती माहिती होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, जाते आणि पुढच्या वेळचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. एकदम भरणं शक्य नसेल तर हॉस्पिटलशी बोलून हप्ते ठरवून घ्या, आणि ठरलेलं ईमेलवर मागा.

म्हणूनच इन्शुरन्स. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला ट्रॅव्हल इन्शुरन्स सक्तीचा नाही, त्यामुळे लोक वाचवतात, आणि मग ते वाचवणं महागात पडतं. घेताना कव्हरचा मोठा आकडा बघून खूश होण्यापेक्षा आधीपासूनच्या आजाराचं कलम वाचा. बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी झालेली असेल तर ती लिहा, लपवलं तर क्लेम तिथेच पडतो. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगाचाच खर्च मिळतो, तोही मर्यादेत. ॲडमिट व्हायची वेळ आली तर इन्शुरन्सच्या मदत क्रमांकावर आधी फोन करा, नंतर नाही, आणि डिस्चार्ज समरी, बिल, पावती, पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

औषधांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरी फजिती इथेच होते. पहिली गोष्ट, भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या केमिस्टकडे चालत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो. अँटिबायोटिक काउंटरवर मागून मिळत नाही, आणि साधी पॅरासिटामॉल सुद्धा दुकानात एका वेळी दोनच पाकिटं देतात, १६-१६ गोळ्यांची. म्हणून रोजच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर थोड्या जास्तीच्या आणायच्या, मूळ स्ट्रिपमध्ये, डबीत ओतून नाही, सोबत प्रिस्क्रिप्शन. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, ब्रँडचं नुसतं नको. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल हे इथल्या फार्मसिस्टला कसं कळणार, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन हेही नाही.

दुसरी गोष्ट कंट्रोल्ड, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या, औषधांची. आपल्याकडे नसांच्या दुखण्याला सर्रास देतात ती प्रीगाबालिन इथे एप्रिल २०१९ पासून कंट्रोल्ड यादीत आहे. ट्रामाडॉल आहे, कोडीन आहे, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेली डायझेपाम आहे. ही आणायला बंदी नाही, पण ज्या डॉक्टरने लिहून दिली त्याचं पत्र लागतं, त्यात पेशंटचं नाव, कुठल्या देशात कधी जाणार, औषधांची यादी, किती गोळ्या बरोबर आहेत, डोस आणि स्ट्रेंग्थ, आणि डॉक्टरची सही. साठा तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर पत्र पुरतं, तीन महिने किंवा जास्तीचा असेल तर होम ऑफिसचं पर्सनल लायसन्स काढावं लागतं. सहा महिने राहणाऱ्यांनी हे निघायच्या आधी डॉक्टरशी बोलून ठरवावं, विमानतळावर नव्हे. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरकडून इंग्रजीत पत्र मागताना बाबांना संकोच वाटत होता, डॉक्टरांनी पाच मिनिटांत लेटरहेडवर लिहून दिलं.

तिसरी, शुगरचे आकडे. इथे मिलीमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आपला आकडा १८ ने भागायचा, म्हणजे १२६ म्हणजे इथले ७ आणि १८० म्हणजे १०. आईची शुगर नर्सने "नऊ" सांगितली तेव्हा आईला वाटलं आता मी जाते. आपलं ग्लुकोमीटर आणि त्याच्याच स्ट्रिप्स पुरतील एवढ्या घेऊन या, इथे त्याच मॉडेलच्या मिळतीलच असं नाही.

इथल्या जीपीने औषध लिहून दिलं तर इंग्लंडमध्ये एका औषधाचा ठरलेला चार्ज असतो, मे २०२४ मध्ये तो ९ पाउंड ९० पेन्स झाला, पण वय ६० पूर्ण असेल तर तो नाही, चिठ्ठीच्या मागे वयाची चौकट टिक करायची आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. किरकोळ दुखण्याला जीपीच्या रांगेत बसू नका, फार्मसीत विचारा. जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट म्हणून सोय आहे, घसा, कान, सायनस, किडा चावून चिघळलेली जागा, नागीण, अशा सात त्रासांवर फार्मसिस्ट स्वतः तपासून गरज असेल तर प्रिस्क्रिप्शनचं औषध देऊ शकतो, वयाच्या अटी आहेत तेवढ्या. रात्री काय करावं कळेना तर एनएचएसच्या सल्ल्यासाठी १११ ला फोन, जीवाचा प्रश्न असेल तर ९९९ ला. दोन्हीकडे दुभाषा मागता येतो, "इंटरप्रीटर, मराठी" एवढे दोन शब्द आईला पाठ करून द्या.

आता घर. तुम्ही ऑफिसात आणि आई-बाबा घरी, आणि लाइट जाते, ही सगळ्यात जास्त वेळा येणारी वेळ. प्रीपेड मीटर असेल तर विजेला किल्ली आणि गॅसला कार्ड असतं, पेपॉइंटचं चिन्ह असलेल्या दुकानात नेऊन टॉप-अप करायचं, नवीन स्मार्ट मीटर असेल तर ॲपवरून. पैसे संपले की इमर्जन्सी क्रेडिट मिळतं, किल्ली मीटरमध्ये घालून चालू करायचं, पण पुढच्या टॉप-अपमधून ते आधी कापलं जातं. आणि स्टँडिंग चार्ज रोज कापतोच, घर रिकामं असलं तरी, म्हणून सगळे मिळून पंधरा दिवस बाहेर जाताना मीटरमध्ये शिल्लक ठेवून जा. आई-बाबांना तीन गोष्टी हाताला धरून दाखवा, मीटरवरची शिल्लक कुठे दिसते, फ्यूज बॉक्समधला पडलेला स्विच वर कसा करायचा, आणि शेजाऱ्यांकडेही अंधार असेल तर १०५ ला फोन करायचा. घरात सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन) किंवा ऑक्सिजनचं मशीन वापरणारं कुणी असेल तर प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्त गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत, नाव टाका, विजेच्या नेटवर्क कंपनीच्या साइटवर फॉर्म असतो, त्याला पैसे नाहीत, तात्पुरती नोंद पण होते, आणि ठरवून वीज बंद करणार असतील तेव्हा आधी कळवतात.

भारतातली उपकरणं इथे चालतात, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, फक्त इथल्या चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर हवा, ट्रान्सफॉर्मर नको. बाथरूममध्ये दिव्याला लोंबती दोरी असते आणि बाहेर लाल दिव्याचा स्विच असतो, तो शॉवर किंवा पंख्याचा, बंद केला की गरम पाणी नाही म्हणून ओरड. बॉयलरच्या काट्याचं प्रेशर साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये पाहिजे, खाली गेलं तर बरेच बॉयलर बंद पडतात, पाणी भरायचा नळ कुठाय ते घरमालकाकडून आधीच बघून घ्या.

गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, चोवीस तास, फोन फुकट. दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. भाड्याच्या घरात गॅसची तपासणी दर वर्षी करून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे, त्याचं रेकॉर्ड मागा. स्मोक अलार्म प्रत्येक मजल्यावर लागतो आणि बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑक्टोबर २०२२ पासून लागतो. मिरचीच्या फोडणीने स्मोक अलार्म वाजणार, शंभर टक्के वाजणार. आईने पहिल्याच आठवड्यात खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढून पोळपाटाखाली ठेवली होती, मला तीन दिवसांनी पोळ्या करताना सापडली. अलार्म काढू नका, फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी, एवढंच.

एक राहिलं, टीव्ही लायसन्स. लाइव्ह टीव्ही कुठलाही बघायचा असेल तर लागतं, बीबीसीचा आयप्लेअर बघायला पण लागतं. बाबा क्रिकेट मॅच टॅबवर एखाद्या टीव्ही चॅनेलवरून लाइव्ह बघत असतील तर तेही यात येतं, टीव्ही घरात नसला तरी. नंतर हायलाइट्स बघितल्या तर नाही, पण त्या आयप्लेअरवर असतील तर परत हो. लायसन्स घराचं असतं, माणसाचं नाही, त्यामुळे तुमचं घेतलेलं असेल तर बाबांना वेगळं नको.